काळा बोळ

मंगळवार, ४ मार्च २०२५. सकाळी ७ वाजून १० मिनिटे.

मोरीपाशी उभा राहून दाढी करत होतो. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "शेखर, येताना दुकानातून काळा बोळ आण. सुपारीएवढा. जास्त नको."

मी विचारलं, कशाला?

"पाय मुरगळलाय माझा."

पाय! काल संध्याकाळी हीच बाई जेल रोडच्या बाजारातून दोन पिशव्या भरून चालत आली. जिना चढताना मला मागे टाकलं. आणि आज पाय मुरगळला. हनुवटीला कापून घेतलं मी. तुरटी लावली.

काळा बोळ लोक दोन कामांसाठी नेतात. एक मुरगळीसाठी, उगाळून गरम लेप देतात. दुसरं काम म्हणजे अंगावरचं मूल तोडणं. बाई छातीला लावते, मूल एकदा तोंड लावतं, कडूजहर लागतं, परत येत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात जडीबुटीच्या दुकानात तीन वर्षं पुड्या बांधतोय मी. कोण कशाला काय नेतं हे मला कळतं.

आमच्या घरात अंगावर पिणारा एकच. ताईचा गट्टू. सव्वा वर्षाचा.

ताईला सिन्नरला दिलेली. संतोषने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दोनदा हात उचलला. तिसऱ्यांदा उचलेपर्यंत ती थांबली नाही, गट्टूला घेऊन इकडे आली. जानेवारीत बैठक झाली. दोघांनी मिळून कोर्टात संमतीचा अर्ज द्यायचा, इथपर्यंत सगळे राजी. अडलं ते गट्टूवर. शेवटी सिन्नरचे पंच धोंडीराममामा यांनी निकाल दिला, "पोरगं अंगावर पेतंय तवर आईपाशी. दूध सुटलं का बापाच्या दारात आणून सोडायचं." दोन्हीकडच्यांनी माना हलवल्या. आबांनी, आमच्या वडिलांनी, पण. ताई आत स्वयंपाकघरात होती. तिला कोणी विचारलं नाही.

म्हणजे गट्टूचं दूध सुटलं की गट्टू गेला.

आणि आई म्हणते, काळा बोळ आण!

बुधवार, ५ मार्च

आणला नाही. "विसरलो" म्हटलं.

"तू? तू विसरलास?" आईने असं बघितलं की मी चप्पल काढायचीच विसरलो. गॅसचं बटण तीनदा तपासून झोपणारा माणूस मी. माझं विसरणं कोणी खरं मानत नाही.

शनिवार, ८ मार्च

आज आईने गॅलरीत बोलावून घेतलं. दार लोटलं. ताई आत गट्टूला झोपवत होती.

"ओझरचं स्थळ आलंय हर्षूला."

हर्षू म्हणजे ताई.

"बायको वारली त्याची. कारखान्यात कायम आहे. स्वतःचं घर आहे. अंगावर हात टाकणाऱ्यातला नाही, मी चौकशी केलीय."

"आणि गट्टू?"

"त्याला त्याचीच दोन आहेत. तिसरं नको म्हणतो. चुकीचं नाही बोलत तो."

म्हणजे ताईने स्वतःचं एक सोडायचं आणि त्याची दोन वाढवायची. बारावीला गणितात दोनदा नापास झालो, पण हे गणित कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

मी म्हटलं, वकील तर म्हणाला होता की एवढं लहान मूल कोर्ट आईलाच देतं.

"देतं. लढल्यावर देतं. लढायला कोण जाणार, तू? तुझे आबा म्हणाले ना, बैठकीत मान हलवलीय मी, लढायचं तर वेगळी खोली घे आणि लढ. पोरीने खोली कशावर घ्यायची? शिलाई मशीनवर?" मग हळू आवाजात म्हणाली, "शेखर, मी काय राक्षसीण आहे का रे? गट्टू माझापण आहे. पण बापाच्या घरी उपाशी नाही मरणार तो. ही मरेल इथं. सव्वीस वर्षांची आहे ती."

तिचे डोळे भरले होते. मला राग करता येईना. हेच जास्त वाईट. माणूस सरळ वाईट असला तर बरं पडतं.

सोमवार, १० मार्च

दुकानात दुपारी एक बाई आली. देवळाली गावची. कडेवर दोन वर्षांचा तगडा मुलगा.

"भाऊ, हे पोरगं तोडायचंय. गोचिडासारखं चिकटलंय. दात आले, चालायला लागलं, आता शिव्या पण देतंय, पण पेणं काही सुटंना."

जयरामशेठ गल्ल्यावरून हसले. "मावशी, काळा बोळ न्या. लावा आणि छातीवर दगड ठेवा."

"दगड कुठून ठेवू शेठ, तिथं हा झोपतो!"

सगळं दुकान हसलं. शेठ डोळे पुसत म्हणाले, "पण पुसट लावा हं. कोरफडीचाच चीक आहे हा, आटवलेला. पोटात जास्त गेला तर पोरगं दिवसभर लंगोट भरेल."

मी पुडी बांधली. वर लेबल लावलं. लेबलं सगळी माझ्या हातची आहेत. ऱ्हस्व-दीर्घ एकही चुकत नाही म्हणून शेठने ते काम मला दिलंय. 'काळा बोळ. बाहेरून लावण्यासाठी.' स्वच्छ अक्षर. त्या मुलाने पुडी माझ्या हातातून ओढून घेतली आणि चाटायला गेला. त्याला काय माहीत काय आहे आत!

लोकांना वाटतं, औषधाचं दुकान म्हणजे पुण्याचं काम. थंड, उष्ण, कडू, तुरट, सगळं बरणीत. कोणाचं काय तुटतंय ते बरणीवर लिहिलेलं नसतं.

मंगळवार, ११ मार्च

आज आई म्हणाली, "तू आणत नसशील तर मी रविवार कारंजावरच्या दुकानातून आणते."

तेव्हा आणायचं ठरवलं. पण काय आणायचं ते मी ठरवलं!

आमच्याकडे ज्येष्ठमधाचा शिरा येतो. ज्येष्ठमधाचा काढा आटवून केलेले खडे. खोकल्याला चघळतात. दिसायला काळा, चकचकीत, फोडला की काचेसारखा. काळ्या बोळाच्या बरणीशेजारीच ठेवला तर मीसुद्धा वास घेतल्याशिवाय सांगू शकणार नाही. फरक एकच. हा गोड असतो. साखरेपेक्षा गोड.

सुपारीएवढा खडा घेतला. कागदात बांधला. लेबल लावलं नाही. खोटं लेबल माझ्याने लिहवलं नसतं.

आईच्या हातात दिला. पण पुडी लगेच सोडली नाही. ती म्हणाली, "एवढा काय घाबरतोस? विष नाही ते."

बुधवार, १२ मार्च

हसून हसून पोट दुखलं, आणि हसता पण येत नव्हतं!

आईने सकाळीच सहाणेवर खडा उगाळला. ताईला म्हणाली, "उन्हाने अंग पेटलंय तुझं, छातीवर घामोळं आलंय. हा लेप लाव. कोरफडीचा आहे. थंड."

ताईने निमूट वाटी घेतली. आत गेली. आई स्वयंपाकघरात हातात उलथनं घेऊन उभी, कान दाराकडे. मी बुटाची नाडी बांधतोय, सोडतोय, परत बांधतोय.

रडण्याचा आवाज नाही. काहीच नाही. मग गट्टूचा चप् चप् असा आवाज, आणि एकदम तो खदखदून हसला.

आई आत धावली. बाहेर आली ती तोंडाला पदर लावून. "चाटून पुसून घेतलं गं बाई! हा कुठला जन्माला आलाय! कडूसुद्धा गिळतोय!"

मी निघालो तेव्हा ताई जिन्यापर्यंत आली. गट्टू कडेवर, गालाला काळे डाग. ताईने बोट चाटून मला दाखवलं.

"गोड आहे रे शेखऱ्या."

मी डब्याची पिशवी खांद्याला लावली.

"दुकान बंद पाडशील अशाने एक दिवस," असं म्हणून तिने माझ्या डोक्यात टपली मारली. किती दिवसांनी! लग्नाच्या आधी मारायची तशी.

तिला सगळं माहीत होतं. लेप कशासाठी ते पण. आम्ही दोघं एका बाजूला आहोत. सिटी बसमध्ये उभा राहून आलो, पण आज पायच दुखले नाहीत.

शुक्रवार, १४ मार्च

काल होळी झाली. ताईचे डोळे लाल होते. जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, धूर लागला डोळ्यांत.

रविवार, १६ मार्च

ओझरचे आले होते. तो, त्याची बहीण, आणि दोन मुली. मोठी आठ वर्षांची असेल. माणूस वाईट वाटला नाही. चहा घेताना बशी दोन्ही हातांनी धरतो.

मुली गट्टूकडे बघत होत्या. धाकटीने त्याला बिस्कीट दिलं. तिची आत्या लगेच म्हणाली, "असू दे, त्याला सवय नको लावू."

बिस्किटाची सवय! की तुमची?

ताई चहा घेऊन आली. हिरवी साडी. आईने नेसवलेली. त्याने विचारलं, "तुमचा काय विचार?"

मला वाटलं आता ती ट्रे आपटणार. ती म्हणाली, "मला महिनाभर द्या. आधी बाळाचं मार्गी लागू द्या."

मार्गी लागू द्या!! बाळाचं!

आईने देवाला हात जोडले. मी गच्चीवर गेलो आणि टाकीचं झाकण उघडून परत लावलं. उगाच. चार वेळा.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. शेठने अर्धा दिवस सुट्टी दिली. मी रंग खेळत नाही, तरी द्वारकेवर कोणीतरी पाठीवर पिचकारी मारली. घरी आलो ओल्या शर्टाने.

दारात थांबलो. आबांनी चौकटीवर कोरफड टांगलेली आहे, मुळं वर, पानं खाली. ताई परत आली त्या आठवड्यात टांगली, घराला दृष्ट नको म्हणून. पाणी नाही, माती नाही, तरी जगते. आज तिचं एक पान कापलेलं होतं. ताजं. कापल्या जागेतून पिवळा चीक गळत होता, उंबऱ्यावर थेंब. पानातला गर थंड असतो, पण हा सालीजवळचा चीक म्हणजेच कच्चा काळा बोळ.

आतून गट्टूचं रडणं येत होतं. भूक, झोप, पडणं, सगळी रडणी मला ओळखू येतात. हे त्यातलं नव्हतं. आ वासून, जीभ बाहेर काढून, ओकल्यासारखं रडत होता.

मी सरळ आईवर धावून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. "लाज वाटत नाही? दारावरची काढून लावली?"

आई बटाटे सोलत होती. सुरी तशीच हातात. "काय लावलं? कोणी लावलं? गट्टूची शपथ शेखर, मी हातसुद्धा..." आणि तीच थांबली. आतल्या खोलीकडे बघायला लागली.

ताई पलंगावर बसली होती. गट्टू तिच्यापासून मागे मागे सरकत होता. तिच्या उजव्या हाताची बोटं पिवळी झाली होती.

मी म्हटलं, तू?

"हो."

"कडू आहे ते."

"माहितीये. म्हणूनच लावलं."

"त्याला घेऊन जातील ते! तुला कळतंय का?"

"हळू बोल. तो घाबरतो."

एवढंच. हात धुवायला उठून गेली. मी ज्येष्ठमध आणतोय, जिवाचं पाणी करतोय आणि ही स्वतःच्या हाताने! ओझरचं घर, ओझरचा पगार, बशी दोन्ही हातांनी धरणारा माणूस. सगळं पडलं पसंत एका चहात.

आई आनंदी व्हायला हवी होती. तीसुद्धा बटाट्यांकडे बघत बसून राहिली.

गुरुवार, २० मार्च

गट्टूला जुलाब. सकाळपासून सात वेळा. कामावर गेलो नाही. मेडिकलमधून मीठ-साखरेची पाकिटं आणली, चमच्या-चमच्याने पाजली. दुपारी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी विचारलं, काय खाल्लं? ताई म्हणाली, कोरफड. 

जिन्यात भांडलो. "पुसट लावायचं असतं! विचारायचं तरी! तीन वर्षं काय गवत विकतोय मी?"

ती म्हणाली, "पुसट लावते आता."

आता! म्हणजे अजून लावणार!

सोमवार, २४ मार्च

गट्टू आता तिच्या मांडीवर बसतो पण तोंड फिरवतो. पदराला हात लावतो आणि हात झटकन मागे घेतो, चटका बसल्यासारखा.

ताईला ताप. छाती दगडासारखी झालीय म्हणे, आई सांगत होती आबांना. आईने जुनं नऊवारी लुगडं फाडून घट्ट बांधून दिलं. संध्याकाळी मी मोरीत पाय धुवायला गेलो तर फरशीवर पांढरं पाणी. ताईने पिळून टाकलेलं. नळ सोडला मी. बराच वेळ सोडून ठेवला.

तिच्याशी बोलत नाही. पाचवा दिवस.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली आबांनी. आईने कडुनिंबाची पानं, गूळ, जिरं वाटून सगळ्यांच्या तळहातावर गोळी ठेवली. गट्टूला नाही दिली. कोणी तसं म्हटलं नाही, पण नाही दिली.

ताईने स्वतःची खाल्ली, मग वाटीत उरलेली पण खाल्ली. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही.

आबा म्हणाले, "एवढं कडू एकदम खाऊ नये गं."

ती म्हणाली, "थंड असतं, आबा. चांगलं असतं." माझ्याकडे बघून म्हणाली. मी गुढीची काठी नीट बांधलीय का ते बघायला उठलो.

दुपारी जेवताना आई हळूच बोलली, "पूर्ण सुटलं ना गं त्याचं?" ताई म्हणाली, "सुटलं." आई श्रीखंड वाढत होती. चमचा तसाच हवेत राहिला. जे हवं होतं ते मिळालं की माणूस असा दिसतो का?

शनिवार, ५ एप्रिल

ताईने स्वतः धोंडीराममामांना फोन लावला. स्पीकरवर. आम्ही सगळे समोर.

"मामा, पोराचं दूध सुटलं. बैठकीत ठरल्याप्रमाणे आणून सोडते. पुढच्या रविवारी. तुम्ही तिथं हजर राहा, तुमच्यासमोर ठरलंय."

मामांनी मोटारसायकल बंद केल्याचं ऐकू आलं. मग मामा म्हणाले, "लय सरळ वागली पोरी तू. एवढ्या लवकर कोणी सोडत नाय."

"त्यांना आधी कळवू नका मामा. मी येते म्हणजे येते."

"बरं, बरं."

फोन ठेवून ती गट्टूचे कपडे घड्या करायला बसली. सगळे. थंडीचे पण.

मला वाटायचं, आपल्या घरात निदान एक माणूस आपल्यासारखा आहे. जाऊ द्या.

गुरुवार, १० एप्रिल

गट्टू आता मी कामावरून आलो की माझ्याकडे येतो. पेला घेऊन. पेल्यात काही नसतं. नुसता पुढे धरतो. आईने गाईचं दूध देऊन पाहिलं, पीत नाही. पाणी पितो आणि माझ्याकडे बघतो. जिथं हक्काचं मिळत होतं तिथं कडू निघालं, आता कोणावर विश्वास ठेवायचा त्याने? मी तरी कोणावर ठेवायचा?

रविवार, १३ एप्रिल. सकाळी ८.

थोड्या वेळाने निघायचंय. ताई म्हणाली, "शेखर, तू चल माझ्याबरोबर." मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, गट्टूला शेवटपर्यंत सोबत कोणीतरी त्याच्या बाजूचं असावं.

आईने त्याला न्हाऊ घातलं. काजळाचा ठिपका लावला. त्याला छातीशी धरून मटकन खालीच बसली. "नको गं हर्षू. राहू दे. मी सांगते यांना, मी सांगते ओझरच्यांना, राहू दे गं." मोठ्याने रडली. जिने मला सहाणेसाठी खडा आणायला लावला तीच.

ताईने तिच्या हातातून गट्टू काढून घेतला. "पिशवी उचल," मला म्हणाली. डोळे कोरडे. पिशवीची चेन मात्र तिच्या हातात दोनदा अडकली.

मी तिला आयुष्यात कधी माफ करणार नाही. हे आज तारीख घालून लिहून ठेवतो.

रविवार, १३ एप्रिल. संध्याकाळी ६.

सिन्नरला दार संतोषच्या आईने उघडलं, चंद्रभागाबाईंनी. मामा आधीच ओट्यावर बसलेले. ताईने गट्टूला उंबऱ्यात उभं केलं, पिशवी शेजारी ठेवली. "दूध सुटलंय. घ्या."

चंद्रभागाबाईंनी आत बघितलं. संतोष बाहेर आलाच नाही. त्या म्हणाल्या, "अगं, आता कसं घेऊ? त्याचं दुसरीकडं ठरतंय. ती पोरगी म्हणती, घरात पोर नको. राहू दे की तुझ्यापाशीच. आम्ही कुठं मागायला आलोय?"

"हे मामांसमोर सांगा," ताई म्हणाली.

"मामासमोरच सांगते. नको आम्हाला."

मामा उठून उभे राहिले. "मंग शब्द तुम्ही मोडला. अर्जात लिहून टाकू, पोरगं आईचं." ताईने वाकून गट्टूला उचललं. पिशवी मी न सांगता उचलली.

बसमध्ये म्हणाली, "होळीला सिन्नरच्या शेजारणीचा फोन आला होता, त्याचं लग्न ठरतंय म्हणून. दूध चालू असेपर्यंत पोर नको असं ते तोंडाने म्हणणारच नव्हते. टांगून ठेवलं असतं मला. तुला सांगितलं नाही, तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. ओझरला उद्या नकार कळवते."

मी विचारलं, "आणि त्यांनी घेतला असता तर?"

तिने गट्टूच्या कपड्यांची पिशवी जवळ ओढून घेतली. शिंदे-पळसे आलं, टोलनाका गेला. गट्टू भुकेने किरकिरायला लागला. तिने पदर आड करून त्याला जवळ घेतलं. त्याने तोंड फिरवलं. परत घेतलं. परत फिरवलं, आणि माझ्याकडे हात पसरले.

आजचा खर्च:

जाताना तिकीट, मी ४५, ताई अर्धं २३. गट्टूला नाही.
येताना तिकीट, मी ४५, ताई अर्धं २३. गट्टूला नाही.
नाशिक रोडला पिशवीचं दूध, अर्धा लिटर, ३०.
एकूण १६६.

देणं: धोंडीराममामांनी स्टँडवर उसाचा रस पाजला, ६०. पैसे घेतले नाहीत, पण द्यायचे आहेत.
सिन्नरकडून येणं: काही नाही.
उद्यापासून दूध रोज अर्धा लिटर. महिनाअखेरीस हिशेब. हे देणं माझ्या नावावर.